तोरणाखालची मोटार

खुशालरावाच्या हातचा पहिला फटका वामनच्या कानशिलावर बसला आणि तोरणाखाली ओळीने उभे असलेले वलगावचे बैल बिचकून मागे सरले. दुसरा फटका पाठीवर आला. तो कासऱ्याचा होता. ज्या पांढऱ्याशुभ्र जोडीच्या वेसणीस तो कासरा बांधला जात असे, ती जोडी विकून गतवर्षी उतारूंसाठी जुनी मोटार घेण्यात आली होती. ती वामन चालवीत असे. परंतु कासरा खुशालरावाने विकला नव्हता. पोळ्याच्या दिवशी प्रत्येक शेतकरी आपल्या बैलांचा कासरा धरून तोरणाशी उभा राहतो. बैल नसतानाही खुशालराव तो रिकामा कासरा खांद्यावर टाकून तेथे येऊन उभा राहिला होता. आता तोच कासरा सख्ख्या धाकट्या भावाच्या पाठीची सालटी काढीत होता.

सन एकोणीसशे अठ्ठावन्नचा तो पोळा. वामन बडनेऱ्याहून उतारू घेऊन येत असता गावाच्या शिवेवर मोटार निपचित पडली. उतारूंनीच ती ढकलीत आणली. घरी जाण्याचा मार्ग तोरणाखालूनच होता. रंगविलेली शिंगे आणि भरजरी झुली यांच्या मधून चिखलाने माखलेली मोटार माणसांच्या रेट्याने पुढे सरकू लागली, तेव्हा शेजारचा शेषराव मोठ्याने ओरडला,

"खुशालराव, तुमची जोडी लय सजली जी! पन पाय उचलत नाही. माहे बैल देऊ काय वढाले? पन आज पोया हाय बाप्पा, आज त्याईले जुपत नसतेत!"

सारे गाव खदखदून हसले. त्या हास्याने खुशालरावाच्या अंगाचा भडका उडाला.

"मुद्दाम केलं तू!" तो भावाची मानगूट धरून गर्जला. "अमरावतीले येगळं बिऱ्हाड कराचं म्हनतं नं? म्हून माही इज्जत चव्हाट्यावर आनली!"

"दादा, आई शपथ, डायनामो बिघडला. मी काहून बिघडवीन? माह्या पोटाचा धंदा हाय थो."

"उद्या दुपारलोक तुहा डायनामो चालला नाही, त मोटारीचे कुऱ्हाडीनं तुकडे करीन. अन् तू माह्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवजो नको."

खुशालराव बोललेला शब्द मागे घेत नसे, हे सर्व वलगावास ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वामनने अंगणात मोटारीचे झाकण उघडले. त्याचा एक डोळा सुजून मिटला होता. डाव्या हाताची बोटे वळत नव्हती. ओट्यावर खुशालराव कुऱ्हाडीला धार लावीत बसला होता. दगडावर पाते घासल्याचा तो कर्कश ध्वनी प्रत्येक खेपेस वामनच्या पाठीतून आरपार जात होता.

वामन अमरावतीच्या एका गॅरेजात मिस्त्रीच्या हाताखाली राबला होता. मोटारीने वेग घेतला की डायनामो वीज उत्पन्न करतो आणि चालकासमोरच्या फळीवरील तांबडा दिवा विझतो. तो न विझल्यास मोटार बॅटरीची शिदोरी खात आहे असे समजावे, ही गोष्ट तो तेथेच शिकला. काल तो दिवा बडनेऱ्यापासून धगधगत होता.

त्याने प्रथम डायनामो फिरविणारा पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला. पट्टा तुळतुळीत लागला. इंजिनाचे तेल उडाले असावे असा तर्क करून त्याने तो पुसून ताणला. नंतर मोटारीच्या तोंडाशी लोखंडी हॅन्डल घालून मारले. बॅटरीत धुगधुगी होती, तेवढ्यावर इंजिन चालू झाले. परंतु तांबडा दिवा तसाच राहिला. मग त्याने डायनामोच्या दोन्ही तारा सोडल्या, डायनामोची दोन्ही टोके एका तारेने जोडली आणि तेथून मोटारीच्या अंगापर्यंत एक बल्ब लावला. डायनामो निकोप असता तर बल्ब झगझगीत पेटला असता. तो विडीच्या टोकासारखा मिणमिणला.

"काय म्हनते तुही मोटार?" ओट्यावरून प्रश्न आला.

"बिमारी डायनामोच्या पोटात हाय. खोलाले लागते."

"खोल. मंग मीबी खोलतो." खुशालरावाने कुऱ्हाडीच्या धारेवरून अंगठा फिरविला.

वामनने पट्टा उतरविला, डायनामो बाहेर काढला आणि त्याचे दोन लांब स्क्रू दात-ओठ खाऊन फिरविले. सुजलेल्या बोटांतून कळा मस्तकापर्यंत जात होत्या. मागचे झाकण निघताच त्याच्या नाकाशी एक वास आला. तो ना पेट्रोलचा होता, ना जळक्या तारांचा. तो त्याने लहानपणापासून दरवर्षी घेतलेला वास होता.

तांब्याच्या ज्या पट्ट्यांवर कार्बनचे तुकडे घासून वीज घेतात, त्या पट्ट्यांवर पिवळट काळा राप बसला होता. कार्बन आपल्या घरात चिकटून गेले होते. आणि झाकणाच्या छिद्रात पळसाच्या पानाची एक चिंधी अडकली होती.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी वर्षभर जू ओढणाऱ्या बैलाचे खांदे कोमट तूप आणि हळद लावून पळसाच्या पानाने शेकतात आणि त्यास दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आमंत्रण देतात. वामनने ती चिंधी उचलून धरली. ओट्याच्या कोपऱ्यात भावजय पार्वताबाई शेंगा निवडीत होती. तिच्या चेहऱ्यावरचे रक्त उतरले.

"वहिनी," वामनने विचारले, "मोटारीचे खांदे कोनं शेकले?"

खुशालरावाच्या हातातील कुऱ्हाड दगडावर थांबली.

"चूप ऱ्हाय!" तो पत्नीकडे पाहून म्हणाला.

परंतु काल दिराच्या पाठीवरचे वळ तिने स्वतः धुतले होते. ती उठून उभी राहिली. "काहून चूप राहू? लेकरावानी दिराले ढोरावानी मारलं तुमीनं! परवा सांजीले तुपाची वाटी घेऊन तुमीच गेल्ते मोटारीपाशी. म्या दारातून पाह्यलं. झाकन उघडून थ्या काया गोल डब्ब्याले पानानं तूप चोळलं अन् म्हनलं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. डोयाले पानी होतं तुमच्या. म्हून म्या कोनाले सांगतलं नाही."

कुंपणापाशी बघ्यांची गर्दी होती. त्यात शेषरावही होता. कोणी तरी फिस्सकन हसले.

त्या एका हास्याने अनर्थ केला. खुशालरावाचे डोळे रक्तासारखे झाले. आपले गुपित दुःख चव्हाट्यावर मांडणारी स्त्री एवढेच त्यास दिसले. "तुही जीभच छाटतो!" असे ओरडून त्याने कुऱ्हाड उगारली आणि तो तिच्यावर धावून गेला. पार्वताबाई भिंतीशी आदळली.

विचार करण्यास अवसर नव्हता. वामनच्या हाती मोटारीचे लोखंडी हॅन्डल आले. आजवर त्याने भावाचा प्रत्येक मार खाली मान घालून सोसला होता. आज त्याने हॅन्डल सर्व शक्तीनिशी फिरविले. ते खुशालरावाच्या उजव्या खांद्यावर बसले आणि ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. कुऱ्हाड सुटली, ती त्याच्याच नडगीवर पात्याकडून पडली. मांस उघडे झाले. रक्ताची चिळकांडी मोटारीच्या चाकावर उडाली आणि तो धिप्पाड पुरुष लाकडाच्या ओंडक्यासारखा कोसळला.

वामननेच धाव घेतली. खुंटीवरचा कासरा ओढून त्याने भावाच्या मांडीस करकचून आवळला. रक्ताची धार मंदावली, थांबली नाही.

"अमरावतीच्या दवाखान्यात न्या लागते!" शेषरावाचे हसणे कुठच्या कुठे गेले होते. "माहे बैल बंडीले जुपतो."

खुशालरावाने दात खात मान हलविली. "त्याच्या बंडीत माहं मडंबी जाऊ नाही."

"अहो, मरून जासान!" पार्वताबाईने टाहो फोडला.

"मरीन. मोटारीत नेत असन, त नेय म्हना त्याले."

वामनने भावाकडे पाहिले नाही. पाहिले असते तर हात चालले नसते. उरलेल्या बॅटरीवर मोटार अमरावतीस पोहोचली नसती. त्याने पेट्रोलच्या फडक्याने तांब्याच्या पट्ट्या घासल्या, काचकागद फिरविला, पट्ट्यांमधल्या फटी करवतीच्या तुकड्याने खरवडल्या. तूप काळे होऊन निघत होते. बोटांवर भावाचे रक्त आणि भावाचेच तूप एकत्र माखले होते. कार्बन सुटे केले, ते आपल्या घरात वरखाली खेळू लागले. झाकण बसविले, स्क्रू आवळले, डायनामो जागी चढविला, पट्टा ताणला. शेवटी डायनामोतील चुंबकत्व जागे व्हावे म्हणून बॅटरीची तार त्याच्या लहान टोकास क्षणभर टेकविली, ठिणगी उडाली. तारा पूर्ववत जोडल्या.

शेषराव आणि दुसऱ्या एकाने खुशालरावास उचलून मागच्या बैठकीवर निजविले. त्या वेळी मोडक्या खांद्यातून जी किंकाळी निघाली, ती ऐकून कुंपणाबाहेरची लेकरे पळाली. पार्वताबाईने त्याचे मस्तक मांडीवर घेतले.

वामनने रक्ताने निसरडे झालेले तेच हॅन्डल घातले. पहिल्या झटक्यास इंजिन नुसते खोकले. दुसऱ्यास हॅन्डल उलटे फिरून त्याच्या मनगटावर आदळले. तिसऱ्या खेपेस त्याने शिवी हासडून अंगाचे वजन टाकले आणि मोटार गर्जून उठली.

पेढी नदीचा उतार येईपर्यंत तांबडा दिवा पेटलेलाच होता. वामनने पाय दाबला. वेग वाढला. दिवा थरथरला, अंधुक झाला, आणि विझला.

मागून खोल आवाज आला. "दिवा?"

"इझला, दादा."

"मंग हाक जोरानं. बरा झालो का तुले मारतो."

"मारजो. पयले बरा त व्हय."

मोटार चिखल उडवीत चालली होती. प्रत्येक खड्ड्यास खुशालराव विव्हळत होता आणि पार्वताबाई कासऱ्याची गाठ दोन्ही हातांनी घट्ट धरून होती. अमरावतीची पहिली घरे दिसू लागली, तेव्हा तो पुनः बोलला. आवाज क्षीण होता आणि त्यात मघाचा क्रोध नव्हता.

"वामन्या... पुढच्या पोयाले तूप कुठं लावाचं?"

वामनच्या सुजून मिटलेल्या डोळ्यातून पाणी आले. त्याने ते पुसले नाही. दोन्ही हात गुंतलेले होते.

"मडगाडले लावजो, दादा. पायजे तेवढं लावजो. डायनामोले नाही."