न पिणाऱ्याचं लिव्हर

गल्लीच्या तोंडाशी असलेल्या केशकर्तनालयात गिऱ्हाईक शिरायचं, खुर्चीत बसायचं आणि सगळ्यात आधी वास घ्यायचं. कारागीर गळ्याभोवती कापड बांधायला वाकला, की गिऱ्हाईक नाक वर करून हळूच हुंगायचं. वास यायचा नाही, तरी समाधान व्हायचं नाही. "लवंग चघळलीय वाटतं," असं मनाशी ठरवून ते म्हणायचं, "दाढी राहू दे आज. नुसते केस कापा." मग कापता कापता कारागिराचा हात थरथरायचा, कात्री कानापाशी लटपटायची, आणि पुढच्या खेपेला तेच गिऱ्हाईक समोरच्या दुकानात पेपर वाचत बसलेलं दिसायचं.

त्यांना तरी काय बोल लावणार! वस्तऱ्याखाली गळा द्यायचा म्हणजे गंमत नाही. आणि हा माणूस चालायचा तो झोकांड्या खात, बोलायचा ते जड जिभेनं. वय पस्तिशीचं, पण जिना उतरताना भिंत धरायचा. गल्लीनं त्याचं नाव ठेवलं होतं डुलकर. ऐकायला आडनाव वाटावं, पण अर्थ शेंबड्या पोरालाही ठाऊक.

आता खरं सांगू? या डुलकरनं जन्मात दारूचा थेंब चाखला नव्हता.

"मी पीत नाही हो," तो सुरुवातीला सांगायचा.

"सगळे असंच म्हणतात," लोक हसायचे.

शपथ घेतली, तर म्हणायचे, "बघा, शपथेवर आला! आज जास्तच झालीय." सांगा मंडळी, माणसानं करायचं काय? पितो म्हणावं तर ते खोटं, आणि पीत नाही म्हणावं तर तेच दारुड्याचं लक्षण! शेवटी त्यानं सांगणंच सोडून दिलं. मग गल्ली म्हणाली, कबूल केलं बघा.

त्यात औषधांच्या दुकानदारानं त्याला एक टॉनिक दिलं. "लिव्हर आतून धुऊन काढतं. शरीरातलं सगळं विष बाहेर!" बिचारा रोज इमानदारीत ते कडूझार टॉनिक प्यायचा आणि रिकाम्या बाटल्या मागच्या दाराशी ठेवायचा. काळपट बाटल्या, त्याही रांगेनं! गल्लीला आणखी काय हवं होतं?

त्याला नात्याचं असं एकच माणूस उरलं होतं, धाकटी बहीण. शाळेत शिकवायची, सासरी सुखात होती. तिच्या मुलीच्या वाढदिवसाला तो नवा शर्ट घालून गेला, आणि सगळ्यांच्या देखत त्याचा तोल गेला. केक टेबलासकट खाली! पोर रडायला लागली. सासूबाईंनी पदर नाकाला लावला. धाकटी त्याला दारापर्यंत सोडायला आली आणि एवढंच म्हणाली, "दादा, पुन्हा असा येऊ नकोस. माझी मान खाली गेली आज."

तेव्हापासून तिचा फोन येणं बंद झालं. तो दुकान बंद करायचा, मागच्या खोलीत दोन घास गिळायचा, आणि पुन्हा दुकानात येऊन गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसायचा. रेडिओ लावायचा. बातम्या असोत की खतांची जाहिरात, त्याला काही फरक पडत नव्हता, कुणीतरी बोलत असलं म्हणजे झालं. एकटं असण्याचं एक बरं होतं, तिथे कुणी त्याचा वास घेत नव्हतं. पण रडू यायचं ते यायचंच.

एक दिवस आरशात त्याला स्वतःचे डोळे पिवळे दिसले. पायही सुजले होते. तो जवळच्या डॉक्टरांकडे गेला. त्यांनी मान वर न करताच विचारलं, "किती घेता?"

"घेत नाही."

"मग सोडा आणि या," डॉक्टर म्हणाले. पुढचा पेशंट आत आलासुद्धा!

आठवडाभरात सूज गुडघ्यापर्यंत चढली, तेव्हा तो मोठ्या हॉस्पिटलात गेला. तिथे एक डॉक्टरबाई होत्या, केस पांढरे, आवाज करडा. त्यांनीही पहिला प्रश्न तोच विचारला. त्यानं खाली बघत तेच उत्तर दिलं आणि टोमण्याची वाट बघत बसला.

"बरं," बाई म्हणाल्या. "म्हणजे कारण दुसरं आहे. शोधू या."

त्यांनी वर बघितलं, तर याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"अहो, काय झालं? कुठे दुखतंय का?"

"नाही," तो कसाबसा म्हणाला. "तुम्ही खरं मानलंत."

बाईंनी रक्त तपासलं, लघवी तपासली, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. मग त्याला समोर बसवून म्हणाल्या, "तुमच्या शरीरात तांबं साठलंय."

"तांबं? बाई, मी केस कापतो, तांबट नाही!"

बाई हसल्या. "आपल्या सगळ्यांच्या जेवणात किंचित तांबं असतं. लागेल तेवढं शरीर घेतं, उरलेलं लिव्हर पित्तातून बाहेर टाकतं. हे कसं करायचं, ते आईवडिलांकडून आलेल्या जनुकांत ठरलेलं असतं. तुमच्या आईवडिलांकडे, दोघांकडेही, एकेक जनुक बिघडलेलं आणि एकेक चांगलं असणार. चांगल्यावर त्यांचं निभावलं. तुमच्या वाट्याला मात्र दोन्हीकडून बिघडलेलंच आलं. त्यामुळे जन्मापासून तांबं साचत गेलं, आधी लिव्हरमध्ये, मग मेंदूत. म्हणून हात थरथरतो, तोल जातो, जीभ जड होते. डोळ्यांत बुबुळाच्या कडेला त्याचं तपकिरी कडंसुद्धा दिसलंय."

"मग ते धुऊन काढायचं टॉनिक?"

"आजपासून बंद! लिव्हर म्हणजे काय खरकटं भांडं आहे, धुऊन काढायला? तुम्हाला तांबं बाहेर काढणाऱ्या गोळ्या लागतील, जन्मभर. बरंच सुधारेल. सगळं नाही सुधारणार, खोटं सांगत नाही. भावंडं आहेत?"

"एक धाकटी बहीण."

"तिची तपासणी ताबडतोब. सख्ख्या भावंडांत चारात एकाला धोका असतो. वेळेवर कळलं तर माणूस गोळ्यांवर अगदी ठणठणीत राहतो. तुमच्याएवढा उशीर झाला तर..." बाई त्याच्या हाताकडे बघून थांबल्या.

त्यानं बाहेर येताच फोन लावला. "धा... धाकटे," जीभ अडखळली.

"भर दुपारी?" पलीकडून आवाज आला, आणि फोन कट. पुन्हा लावला, उचललाच नाही.

रविवारी तो तिच्या दाराशी गेला. दार उघडलं, पण साखळीपुरतंच. फटीतून धाकटीचा अर्धा चेहरा दिसत होता.

"दादा, घरात माणसं आहेत. जा तू."

"जातो. आधी ऐक. आपल्या दोघांचं रक्त... आईबाबांकडून आलंय. लिव्हरचं. तू तपासून घे."

"लिव्हर तुझं गेलंय, तुझ्या व्यसनानं! मला कशाला त्यात ओढतोस?"

वर्षानुवर्षं ज्या एका वाक्यासाठी तो जगाशी भांडला होता, ते ओठावर आलं. मी पीत नाही. पण ते म्हटलं की ती दार लावणार, हे त्याला पक्कं कळत होतं. त्यानं ते वाक्य गिळलं.

"बरं, पितो म्हण," तो म्हणाला. "दारुडा म्हण, काय हवं ते म्हण. पुन्हा तोंड नाही दाखवणार तुला. पण तपासून घे गं! तुझ्या पाया पडतो."

धाकटीनं दार लावायला साखळीवर हात ठेवला, आणि साखळी खळखळ वाजायला लागली. तिनं हात मागे घेतला. वाजायची थांबली.

"कधीपासून?" त्यानं हळूच विचारलं.

ती म्हणाली, "दोन महिने झाले. फळ्यावर रेघ सरळ येत नाही. मला वाटलं, दगदग."

डॉक्टरबाईंच्या नावाची चिठ्ठी त्यानं फटीतून आत सरकवली आणि कठडा धरत जिना उतरून गेला.

तपासणीत तेच निघालं. पण वेळेवर निघालं! बाईंनी गोळ्या सुरू केल्या, मुलीचीही तपासणी करायला सांगितली आणि धीर दिला. धाकटी घरी आली, तिनं सगळं सांगितलं. सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

"अगं बाई! लिव्हर? म्हणजे भावासारखी तूही? कधीपासून घेतेस गं?"

"आई, मी घेत नाही."

"सगळे असंच म्हणतात," सासूबाई म्हणाल्या.

धाकटीनं नवऱ्याकडे बघितलं. नवरा खिडकीबाहेर बघत होता. घरात दोन मोठी माणसं होती, आणि तिच्या बाजूनं एकही नव्हतं. एका वाक्यात ही गत, मग दादानं इतकी वर्षं कशी काढली असतील? तिनं चपला घातल्या आणि ती थेट दुकानात आली. दुकान रिकामंच होतं.

"दादा," ती दारातूनच म्हणाली, "मी पीत नाही रे. कुणाला खरंच वाटत नाही."

"मला वाटतं," तो म्हणाला.

ती तिथेच उंबऱ्यावर बसून हमसून हमसून रडली. "मी तुला एकदा तरी विचारायला हवं होतं रे!" तो तिच्या शेजारी बसला. दोघांचे हात थरथरत होते. रस्त्यानं जाणारे थबकून बघत होते, काय समजायचं ते समजत होते.

मंडळी, त्या बघणाऱ्यांत तुम्हीआम्हीच असतो. लिव्हर दारूनं बिघडतं, हे खरंच आहे. पण ते जन्माबरोबर आलेल्या दोषानंही बिघडतं, आणि असा दोष एकट्याचा नसतो, भावंडांतही असू शकतो. म्हणून घरात कुणाला असा आजार निघाला, तर लपवू नका. सख्ख्यांना सांगा, तपासायला लावा. धुऊन काढणाऱ्या बाटल्यांच्या नादी लागू नका. आणि पिणाऱ्यालासुद्धा औषध लागतं, आपली थट्टा नव्हे. विचारायचंच असेल, तर कसं वाटतंय ते विचारा, आणि समोरचा सांगेल ते आधी खरं धरून चाला. डुलकरचा तोल आता पुष्कळ सावरलाय, धाकटी शाळेत जाते. मधली वर्षं मात्र गेली ती गेलीच, आणि ती कुठल्या जनुकानं नेली नाहीत.