देवमनचा दगड

मित्रांनो, मी एक जुना छापाचा दगड आहे. पाटा नव्हे, जाते नव्हे, देवळाची पायरीही नव्हे. माझ्यावर चित्र काढायचे, त्यावर शाई फिरवायची आणि कागद दाबून त्याच्या हजारो प्रती काढायच्या, यासाठी मला सातासमुद्रापलीकडच्या खाणीतून कापून आणले. रंगाने मी फिकट पिवळा आहे, ताकात चिमूटभर हळद कालवावी तसा. बोटीने मुंबईला, रेल्वेने अकोल्याला आणि स्टेशनावरून बैलगाडीने कमलाकांतरावांच्या छापखान्यात, असा माझा प्रवास झाला.

आम्हा छापाच्या दगडांचा एक स्वभाव असतो. आम्ही चरबी पितो. चित्रकार चरबीच्या खडूने रेघ ओढतो, ती वर राहत नाही, आत मुरते. तिथेच शाई धरते, बाकीच्या ओल्या जागेवर धरत नाही. काम संपले की वाळू आणि पाणी टाकून दुसऱ्या दगडाने मला घासतात आणि नवे चित्र काढतात. वरचे सारे जाते. आत किती खोल काय मुरले, ते मात्र घासणाऱ्याला कळत नाही. कधी कधी मलाही कळत नाही.

अकोल्यात त्या वेळी माझी मोठी चलती होती. कापसाच्या गाठींवरचे छाप, सरकीच्या तेलाच्या डब्यांची लेबले, लग्नाच्या पत्रिकेवरचे गणपती, सगळे माझ्या पाठीवरून निघे. चित्रे काढायचे गोपाळकृष्ण मास्तर. आणि मला घासायचा देवमन.

देवमन तरणाबांड गडी होता. घासताना त्याचा हात सरळ जात नसे. इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा वळसा घेत तो हात फिरवी, आणि प्रत्येक वळशाला मनगट हलकेच उचली. असे कोणी शिकवले नव्हते. ती त्याच्या हाताचीच चाल होती. नुकतेच लग्न झाले होते. बायको चतुराबाई पहिल्या बाळंतपणाला बाळापूरकडे माहेरी गेली होती.

ते १९५० साल. एका तेलवाल्याला लेबलावर कापसाची टोपली घेतलेला माणूस हवा होता. मास्तरांनी देवमनला फेटा बांधायला लावून समोर बसवले. कमलाकांतराव कपाळाला आठ्या घालून आले.

"मास्तर, लेबलावर आपल्याच गड्याला बसवता? गावात ओळखतील. चार लोक नाक मुरडतील."

"चित्राला कोणी जात विचारत नाही, कमलाकांतराव. मला कापूस वेचणाऱ्याचा चेहरा हवा, तो हा आहे."

मालक तशाच आठ्यांनी निघून गेले. मास्तर खडू घेऊन माझ्यावर वाकले. "देवमन, हसू नकोस रे."

"मास्तर, हसू नको म्हटलं का मले अजूनच येते!"

तो ओठ आवळून बसला, तरी हसू डोळ्यांतून सांडत होते. मास्तरांनी ते तसेच टिपले. चित्र झाल्यावर देवमन माझ्यावर वाकला आणि बघतच राहिला. त्याने आयुष्यात कधी फोटो काढला नव्हता.

"अरे बापा, हा तं मीच! पन उलटा काहून?"

"दगडावर सगळं उलटंच असतं. कागदावर सुलटा होशील."

"चतुरा आली का तिले दाखवीन," तो म्हणाला.

लेबले छापली गेली, डब्यांना चिकटली, डबे गावोगाव गेले. आणि मग मला घासण्याची वेळ आली. देवमनने वाळू टाकली, पाणी ओतले आणि हात फिरवण्याआधी क्षणभर थांबला.

"आपलंच तोंड आपल्याच हातानं पुसाव लागून राहिलं, मास्तर," तो हसत म्हणाला.

मास्तर मात्र हसले नाहीत. "राहू दे आज. उद्या घास," ते म्हणाले.

"उद्या काय, आज काय. दगड तं मोकळा कराच लागते."

आणि त्याने घासले. नेहमीपेक्षा खूप वेळ लागला. करडे पाणी माझ्या कडेवरून थेंब थेंब गळत होते, आणि त्याचे कपाळ, त्याचे डोळे, त्याचे आवळलेले ओठ त्या पाण्याबरोबर मोरीत जात होते. त्याच आठवड्यात त्याला ताप भरला. त्या उन्हाळ्यात वस्तीत बऱ्याच घरी ताप होता. चतुराबाई माहेराहून धावत आली, तेव्हा दाखवायला देवमन उरला नव्हता, आणि शेवटचे लेबलही डब्यांबरोबर परगावी गेले होते. छापखान्यात लोक दबक्या आवाजात म्हणत, "सोताचं तोंड सोताच पुसलं त्यानं."

त्यानंतर माझ्यावर अगरबत्तीचे लेबल काढले. पहिलाच कागद उचलला आणि मास्तरांचा हात थबकला. कोपऱ्यातल्या कोऱ्या जागेत एक फिकट सावली उमटली होती. दुसऱ्या कागदावरही तीच. नव्या गड्याने मला पुन्हा घासले. पुन्हा सावली आली, आणि आता त्या सावलीला डोळे होते. तो गडी पगार न घेताच निघून गेला. "चरबी खोल मुरली आहे, बाकी काही नाही," मास्तरांनी मालकांना सांगितले. पण भर दुपारी, सगळे जेवायला गेलेले असताना, ते एकटे माझ्याजवळ बसेनासे झाले. शेवटी कमलाकांतरावांनी मला गोदामात ठेवायला लावले. तोंड भिंतीकडे करून.

मित्रांनो, भिंतीकडे तोंड करून वर्षे काढणे म्हणजे काय असते, ते तुम्हाला सांगता येणार नाही. मास्तर वारले. नवी यंत्रे आली, दगडाचे दिवस सरले, छापखान्याला कुलूप लागले. माझ्यावर धूळ बसत राहिली. आणि त्या अंधारात आपल्या पोटातून कोणीतरी शांतपणे बघते आहे, असे मला वाटत राहिले.

१९६८ च्या थंडीत गोदामाचे दार उघडले. विद्यापीठाच्या वतीने अमरावतीच्या एका कॉलेजात चित्रमुद्रणाचा सप्ताह भरणार होता. सकाळी व्याख्याने, दुपारी प्रत्यक्ष काम. अक्षरांना वळण कसे द्यावे, भित्तिपत्रक दुरून कसे वाचले जाते, दोन रंगांत तिसरा कसा दाखवावा, असे विषय होते. मुंबईहून सरोजिनीबाई नावाच्या चित्रकार येणार होत्या. त्यांना मुलांना दगडाचा छाप दाखवायचा होता. म्हाताऱ्या कमलाकांतरावांनी हाताचे छापयंत्र आणि मी, दोन्ही देऊन टाकले. ट्रकवर चढवताना ते म्हणाले, "न्या. पण एक..." आणि पुढचे शब्द त्यांनी गिळले.

कॉलेजातल्या एका लांबट, उन्हाच्या खोलीत मला टेबलावर ठेवले. पहिल्या दिवशी सरोजिनीबाईंनी एकेकाला विचारले, इथे का आलात? मागच्या बाकावरची एक सावळी, सडपातळ मुलगी उभी राहिली.

"मी इंदू. अकोल्याची. माझे वडील छापखान्यात होते. मी आईच्या पोटात असतानाच गेले. घरी त्यांचा फोटो नाही, काहीच नाही. म्हटलं, ते काम कसं असते, ते तरी पाहावं."

मी ऐकले. दगडाला काटा येत नाही, असे म्हणतात. मला विचारा.

देवीची लस टोचून घ्या सांगणारे सरकारी भित्तिपत्रक माझ्यावर प्रथम काढले गेले: आई, कडेवर मूल, वर ठळक अक्षरे. छाप उचलताच एक मुलगी किंचाळली. आईच्या खांद्यामागे एक पुरुष उभा होता. त्याला कोणी काढले नव्हते. मला घासले. दुसऱ्या दिवशी शेंदूरजनाघाटच्या एका विद्यार्थ्याने संत्र्यांची जाहिरात काढली. भरलेल्या टोपलीत, संत्र्यांच्या फटींतून, दोन डोळे पाहत होते. त्याने कागद फाडला आणि पुन्हा त्या टेबलाशी आला नाही. छापयंत्राच्या दांड्याला कोणीतरी लिंबू-मिरची बांधली.

सरोजिनीबाई हसल्या. दगड चरबी कशी पितो, जुने चित्र कसे वर येते, हे त्यांनी फळ्यावर रेघा काढून समजावले. ते खरेच होते. पण घासल्यावर जुने चित्र फिकट व्हायला हवे, आणि हे रोज गडद होत होते. आधी सावली, मग डोळे, मग आवळलेले ओठ. ते मला स्वतःलाही उमगले नाही. संध्याकाळी खोली बंद करताना सरोजिनीबाईंनी माझ्यावर ओले फडके टाकले. पूर्ण दगडावर नाही. तो चेहरा झाकला जाईल एवढ्याच जागेवर.

प्रदर्शन जवळ आले, तसे त्या म्हणाल्या, "असं चालणार नाही. सगळ्यांचे छाप खराब होताहेत. जाड वाळूनं खोल घासून टाकू, म्हणजे कायमचं जाईल. कोण घासतं?"

सगळे खाली बघू लागले.

"मी घासते, बाई," इंदू म्हणाली.

दुपारची वेळ होती. तिने वाळू पसरली, पाणी टाकले, घासायचा दगड धरला आणि खालच्या कडेपासून सुरुवात केली. हात सरळ गेला नाही. इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा वळला, आणि वळशाला मनगट हलकेच उचलले गेले.

मित्रांनो, तो हात मी ओळखला. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो. पण मला तोंड नव्हते. माझ्यावर जे तोंड होते, ते तीच पुसत होती. हनुवटी गेली. ओठ गेले. करडे पाणी गळू लागले.

मग तिने हात थांबवून वर आणखी पाणी ओतले. खिडकीतून ऊन थेट माझ्यावर पडले होते. पाणी स्थिर झाले आणि त्यात इंदूला स्वतःचा चेहरा दिसला. तो बरोबर त्या डोळ्यांवर येऊन बसला होता. भुवईवर भुवई, डोळ्यावर डोळा. पाण्यातला चेहरा कुठे संपतो आणि दगडातला कुठे सुरू होतो, ते कळत नव्हते. इंदूने डोळे मिटले. खालचे डोळे उघडेच होते.

तिच्या हातातला दगड निसटला आणि माझी कड फुटली.

"बाई! कोणी हात लावू नका याले!"

सरोजिनीबाई धावत आल्या. इंदू चिखलाच्या बोटांनी स्वतःची भुवई चाचपत होती. "हे डोळे माझे आहेत, बाई. हा दगड कोणत्या छापखान्यातला आहे?"

बाईंनी नाव सांगितले. इंदूने ते नाव आईच्या तोंडून लहानपणापासून ऐकले होते. तिने बोटांवरच्या करड्या चिखलाकडे पाहिले. "आणि मी घासून राहिली होती," ती म्हणाली.

सरोजिनीबाई पुढे झाल्या. त्यांनी वाळू हलक्या हाताने धुतली, डिंकाचे पाणी फिरवले, रुळाला शाई लावून तो इंदूच्या हाती दिला. एकच छाप निघाला. फेटा, कपाळ, डोळे. नाकाखाली कोरा कागद.

समारोपाच्या दिवशी चतुराबाई अकोल्याहून एसटीने आली. सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यात कापूस निवडून तिने मुलीला शिकवले होते. केस पिकले होते, बोटे सांध्यांशी वाकडी झाली होती. दारात सर्वांना "जयभीम" करून ती आत आली. इंदूने तिला काही सांगितले नाही, नुसते त्या छापासमोर उभे केले.

ती छापाजवळ सरकली. मग पदर तोंडाशी धरून म्हणाली, "कोठून आनला तू याले?"

"आई, कोण आहे हे?"

"कोन म्हनजे? तुहा बाप." ती आणखी जवळ गेली. "किती लहान दिसते वो हा! मी म्हातारी झाली, आन हा अजून तेवढाच."

इंदूला हुंदका फुटला. "आई, खालचं तोंड मी घासलं. माह्या हातानं गेलं."

चतुराबाईने तिला जवळ ओढले. "रडू नको. आयक. मी याले वर्षभर पाह्यलं, मंग इतके वर्सं नुसतं आठवलं. आठवता आठवता डोये पुसल्या गेले होते. लय घोकलं, तरी येत नोयते. खालचं नाई गेलं कधी. हसू दाबून बसला असंन, नाई?"

सरोजिनीबाई हळूच म्हणाल्या, "तुम्ही सांगा, इंदू खालचा भाग काढील. चेहरा पूर्ण होईल."

चतुराबाईने मान हलवली. "नोको, बाई. लोकायले एवढाच दाखवा. खालचा माह्यापुरता राहू द्या."

जाण्याआधी ती माझ्याजवळ आली आणि तिने आपला खरबरीत, गरम तळवा माझ्यावर टेकवला. माझ्या पोटात इतकी वर्षे जे कोणी बघत होते, ते त्या तळव्याखाली निवल्यासारखे झाले.

आता मी त्याच कॉलेजात खिडकीशी असतो. मुले माझ्यावर चित्रे काढतात, छाप स्वच्छ निघतात, मधेच कोणी डोकावत नाही. खरे सांगायचे तर मला थोडे एकटे वाटते.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. जुने काही घासायला, पुसायला, टाकायला घ्याल, तेव्हा आधी त्यावर थोडे पाणी ओता आणि ते स्थिर होईपर्यंत थांबा. आणि तुमच्या घरातून फोटो न ठेवता कोणी गेले असेल, तर त्यांना पाहिलेल्या माणसाजवळ आजच जाऊन बसा. विचारा, डोळे कसे होते, हसत कसे होते. दगडात मुरलेले कधी तरी वर येईलही. माणसात मुरलेले विचारल्याशिवाय येत नाही.