कण्यांची खीर

न खाणारं पोर मला बावीस वर्षांत भेटलेलं नाही, असं मी सगळ्यांना सांगत आले. भरवता न येणाऱ्या आया मात्र ढिगानं भेटल्या. आमच्या अंगणवाडीत कोणी नवी सून पोर कडेवर घेऊन रडत आली की मी आधी तिला बसवायची, पाणी द्यायची आणि मग झापायची. मला लोक गोदाताई म्हणतात आणि पाठीमागे फटाकडी म्हणतात. दोन्ही मला ठाऊक आहे.

शिमग्याची पालखी गावात नाचून गेली, त्याच आठवड्यात मनस्वी आली. तिचा ऋत्विक नुकताच दोन वर्षांचा झाला होता. वजन दहा किलो दोनशे, म्हणजे तक्त्यावर हिरव्या पट्ट्याच्या अगदी काठाला. नवरा दीपक मुंबईला नोकरीला. आंब्याच्या कॅनिंगचा हंगाम तोंडावर आलेला, त्यामुळे मनस्वी सकाळी सातच्या गाडीनं कारखान्यात जाणार आणि पोर दिवसभर तिच्या सासूकडे, सोनूबाईंकडे राहणार.

"ताई, हा काहीच खात नाही. तोंडात घेतो नि थुंकतो. मी तरी काय करू?"

"तू काय करतेस ते बघायला येते," मी म्हटलं आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्या घरी जाऊन थडकले.

पोरगं म्हणजे भिंगरी होतं. उकड्या तांदळाची पेज दिली, तर त्यानं त्यात हात घालून भिंतीला रंग दिला. नाचणीची लापशी आजीच्या पदराला पुसली. मी म्हटलं, हरकत नाही, मोठं जेवण दिसलं की पोरं भितात, छोटं छोटं करून देऊ. रुपयाएवढी घावनं काढली. रताळ्याचे काप तुपावर परतले. मुडदुशी माशाचा मधला काटा काढून मऊ भातात कुस्करला. शहाळ्यातली मलई चमच्यानं खरवडून दिली. त्यानं एक घावन उचललं, नीट बघितलं आणि पायरीवर बसलेल्या मांजरीला नेम धरून मारलं. मांजर उडालं. हा टाळ्या पिटत हसला. मलाही हसू आलं, पण मी दाखवलं नाही.

चौथ्या दिवशी कण्यांची खीर जमली. तांदळाच्या कण्या मऊ शिजवायच्या, नारळाचा रस, गूळ आणि वर किसणीवर दोनदा फिरवलेलं जायफळ. सोनूबाईंच्या परसात जायफळाचं झाड आहे. फळावरच्या सालीचं त्या लोणचं घालतात आणि बिया वाळवून डब्यात ठेवतात. त्या डब्यात तेव्हा एकच अख्खं, टपोरं जायफळ उरलेलं होतं. मीच ते फोडलेल्या कवचातून काढलं आणि किसलं. ऋत्विकनं अर्धी वाटी खीर खाल्ली. मनस्वीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"रोज दुपारी द्या," मी सोनूबाईंना सांगितलं. "जायफळ विसरू नका, चव त्यालाच आहे. आणि पोटात पडलं की पोर जरा स्वस्थही बसतं."

शेवटचं वाक्य मी बोलले, हे मला आजही स्पष्ट आठवतं. नसतं आठवलं तर बरं झालं असतं.

घरी येऊन मी खिरीची कृती फोटोसकट पालकांच्या ग्रुपवर टाकली. चौदा आयांनी पसंतीचे अंगठे दाखवले. खाडीकडच्या मोहल्ल्यातल्या तस्नीमनं सगळ्यांत आधी लिहिलं, 'ताई, आजच करते.' तिची माहीन दीड वर्षाची, तीही जेवणाच्या नावानं रडणारी. मी त्या दिवशी फार खुशीत झोपले.

पंधरा दिवसांनी वजन केलं. नऊ किलो आठशे.

"काटा बिघडला असेल," मनस्वी म्हणाली. मी दुसऱ्या दोन पोरांना काट्यावर ठेवून बघितलं. काटा ठीक होता. मग मी तिलाच सुनावलं, की पोट भरलं नाही तर वजन कुठून वाढणार, कामावर जायच्या घाईत तू दोन घास कोंबून सुटत असशील. तिनं मान खाली घातली. ती नेहमी उलट बोलायची, त्या दिवशी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेल्यावर त्यांच्या घरी गेले, तर दारातच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. थोड्या वेळानं कळलं की घरात आवाज नाही. सोनूबाई ओटीवर सुपाऱ्या सोलत होत्या आणि ऋत्विक भिंतीला टेकून बसला होता.

"बघ गो, कसा गप बसलाय," त्या कौतुकानं म्हणाल्या. "आता कायपण मस्ती करत नाय. शहाणा झालाय माझा बाबू."

"झोप होते का नीट?"

"झोपतो की. मस्त झोपतो."

देवापुढची सहाण ओली होती. मी विचारलं, तर त्या म्हणाल्या, गंध उगाळलं. मला ते पटलं. न पटायला मला काय झालं होतं? खिरीची वाटी आणली, तर त्यानं दोन चमचे घेतले आणि तिसरा तोंडातच ठेवून डोळे मिटले. मी गाल थोपटून त्याला गिळायला लावलं. गाल गरम लागले. चैत्राचं ऊन होतं, सगळ्यांचेच गाल गरम होते.

त्यानंतर माझं त्या घराकडे जायचं वाढलं. का, ते मला सांगता येत नव्हतं. भोपळ्याचे घारगे करून नेले, गोड घालून बघितलं, आंबट घालून बघितलं. तो तोंड फिरवायचासुद्धा नाही. थुंकायचा नाही, फेकायचा नाही. नुसता बघायचा, आणि तेही माझ्याकडे नाही, माझ्या पलीकडे कुठेतरी. एकदा त्याच्या हातात घावन दिलं. मांजर आलं, त्याच्या मुठीतून घावन ओढून खाल्लं, बोटंही चाटली. त्यानं हात मागे घेतला नाही. मी उठून मांजरीला हाकललं आणि उगाचच तिच्यावर ओरडत राहिले.

सोमवारी वजन नऊ किलो चारशे भरलं. पिवळा पट्टा, म्हणजे कुपोषणाची सुरुवात.

गुरुवारी कारखान्याला सुट्टी होती. मी अकराच्या सुमारास गेले, तर मनस्वी घरी होती, पण चेहरा उतरलेला. "ताई, हा उठतच नाही. सकाळी उठला, पुन्हा झोपला."

मी आत गेले. ऋत्विक चटईवर पडला होता. तोंड लाल, ओठ कोरडे, पापण्या अर्ध्या उघड्या. छातीवर हात ठेवला, तर काळीज इतकं भरभर उडत होतं की माझा हात आपोआप मागे आला. हाक मारली, चिमटा काढला. तो नुसता कण्हला. तेव्हा मला खरी भीती वाटली. हे पोर आता आपल्या डोळ्यांदेखत जातंय, असं सरळ वाटलं.

"रिक्षा बोलाव," मी मनस्वीला ओरडून सांगितलं आणि पाणी घ्यायला स्वयंपाकघरात धावले. फळीवर जायफळाचा डबा उघडाच होता. आत वालाच्या दाण्याएवढा एक तुकडा पडला होता.

गुटीसाठी एक जायफळ दोन पोरांना पुरतं, तरी उरतं. हे दीड महिन्यात संपलं होतं.

मी डबा घेऊन बाहेर आले. "सोनूबाई, हे कोण उगाळतं?"

त्यांनी आधी सुनेकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मी देते गो. सकाळी ही गेली की दोन वेढे, दुधातून. हा परसातल्या विहिरीवर पळतो, मी म्हातारी कुठे धावू त्याच्या मागनं? एकदा कठड्यावर चढला होता. माझ्या चारी पोरांना मी गुटी दिली, काय झालं? हिला डॉक्टरनं नको सांगितलंय, म्हणून बोलले नाय."

मनस्वी पांढरीफटक पडली. "तुम्ही देता? पण मी पण देते. रात्री. दोनच वेढे. दिवसभर उभी असते ओ मी, हा रात्री तीन-तीनदा उठायचा. तुम्हाला मीच नको सांगितलं होतं, तुम्ही रागवाल म्हणून लपून द्यायची."

सहाणेवर फिरवलेला एकेक वेढा दोघींनीही मोजून दिला होता. कोणाचाच हात सैल नव्हता. तिसरा हात दुपारच्या खिरीचा होता आणि तो कोणाचा, हे अजून कोणी बोललं नव्हतं. मीही बोलले नाही. रिक्षा आली.

आरे-वारेच्या रस्त्यानं रिक्षा धावत होती. एका बाजूला समुद्र, पर्यटक फोटो काढत होते. मनस्वी पोराच्या तोंडावर ओल्या फडक्यानं पाणी लावत होती आणि सोनूबाई गावच्या देवाला मोठ्यानं गाऱ्हाणं घालत होत्या, माझी काय चूक झाली असेल ती पदरात घे म्हणून. मी मनात हिशेब लावत होते, दीड महिन्यातल्या दुपारी किती. ते आकडे मी कधीच पुरे करू शकले नाही.

रत्नागिरीच्या दवाखान्यात डॉक्टरीण बाई तरुण होत्या. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारली, सलाईन लावलं आणि विचारलं, "याला कोणी काय दिलंय? खरं सांगा, ओरडणार नाही."

"मी," सोनूबाई म्हणाल्या.

"मी पण," मनस्वी म्हणाली.

मला वाटलं, आता गप्प राहिलं तरी चालेल. बावीस वर्षांचं नाव आहे आपलं. मग सलाईनची सुई हलू नये म्हणून पोराच्या हाताला चिकटपट्टीनं बांधलेली पुठ्ठ्याची फळी दिसली.

"आणि दुपारी खिरीतून," मी म्हटलं. "ते मी सांगितलं होतं."

डॉक्टरीण बाई खरंच ओरडल्या नाहीत. लहान अंगात जायफळ साठत गेलं की असंच होतं, भूक मरते, पोर गुंगीत राहतं, त्या म्हणाल्या. वेळेत आणलंत. त्यांनी हे 'वेळेत' दोनदा म्हटलं.

चार वाजता ऋत्विकनं डोळे उघडले. नर्सनं दुधात बुडवलेलं बिस्कीट त्याच्या ओठाला लावलं. त्यानं ते हातात घेतलं, नीट बघितलं आणि फेकलं. नर्सच्या गणवेशावर डाग पडला. मनस्वी हसता हसता हुंदके द्यायला लागली. सोनूबाईंनी सुनेला जवळ ओढलं आणि दोघी तशाच रडत राहिल्या. फेकलेलं बिस्कीट मी जमिनीवरून उचललं, आणि इतका आनंद मला कुठल्याच पोरानं वाटी चाटून पुसून खाल्ल्याचा झाला नव्हता.

बाहेर येऊन मी बाकावर बसले आणि दीपकला कळवायला म्हणून पिशवीतून फोन काढला. ग्रुपवर निरोप येऊन पडला होता. तस्नीमचा, दुपारी बाराचा.

'ताई, तुमच्या खिरीनं आमची माहीन एकदम शांत झाली. आता रडत नाही, काही मागत पण नाही. आज दहा वाजल्यापासून गाढ झोपलीय. म्हटलं, झोपू दे.'

खाली नऊ आयांनी अंगठे दाखवले होते.

घड्याळात साडेचार झाले होते. तस्नीमच्या घरात सहाण आहे का, हे आठवायची मला गरज नव्हती. आमच्याकडे तान्ह्या पोराच्या घरात ती असतेच, वाडीत असो की मोहल्ल्यात. तिथे ती कोण फिरवतं आणि कोणापासून लपवून, एवढंच मला ठाऊक नव्हतं.

मी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला आणि चपला हातात घेऊन रिक्षांच्या दिशेनं पळत सुटले. कानाशी तो वाजतच होता, आणि कोणी उचलत नव्हतं.