माझ्या कडेवरच्या खाचा

मित्रांनो, मी एक जुना टेबल आहे. कोणी मला 'तो टेबल' म्हणतं, कोणी 'ते टेबल'. मी दोन्हीला ओ देतो. इतकी वर्षं माणसांत काढल्यावर असल्या गोष्टींवरून रुसून चालत नाही. सध्या मी एका विद्यापीठाच्या मोठ्या दालनात, खिडकीजवळ, जाड लाल दोरीच्या आत उभा आहे. माझ्यापुढे एक पाटी ठेवली आहे: 'हात लावू नये.' येणारेजाणारे लांबूनच पाहतात, "काय चकाकतोय हो!" म्हणतात आणि पुढे जातात. हे चकाकणंच माझं दुःख आहे. ते कसं, हे समजायला तुम्हांला माझ्या लहानपणापासून ऐकावं लागेल.

हे विद्यापीठ सुरू झालं तेव्हा त्याच्याजवळ एक दुमजली इमारत, मूठभर शिक्षक आणि पुष्कळ उत्साह होता. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेसाठी सुतारांनी मला त्या खोलीतच घडवलं. मी इतका लांबरुंद होणार होतो, की बाहेर बनवलं असतं तर दारातून आत येताच आलं नसतं. पुढे मला बाहेर काढायची वेळ आली तेव्हा दाराची चौकटच उखडावी लागली. पण ते नंतरचं.

प्रयोगशाळेतल्या टेबलाचं आयुष्य काही बैठकीच्या खोलीतल्या टेबलासारखं नसतं. माझ्यावर कोणी फुलदाणी ठेवली नाही. तापलेले चंबू ठेवले, त्यांची काळी वर्तुळं उमटली. ॲसिड सांडलं, तिथे लाकूड पांढरं पडलं. एका मुलाने घाईघाईने काहीतरी भलतंच एकत्र केलं आणि त्याचा निळा डाग माझ्या पाठीवर कायमचा बसला. त्या मुलाचा चेहरा त्या दिवशी डागापेक्षा निळा झाला होता! मला या डागांचा कधी राग आला नाही. माझ्या प्रत्येक डागामागे काहीतरी शिकणारं एक माणूस होतं.

प्रयोगशाळा ज्यांच्या ताब्यात होती ते प्राध्यापक कायम तापलेले असत. म्हणून मुलांनी त्यांचं नाव ठेवलं होतं भट्टीसर. अर्थात पाठीमागे. तोंडावर सगळे "सर, सर" करत.

त्यांच्या वर्गात एका वर्षी दोन मैत्रिणी आल्या. एक सतत काहीतरी कुरतडत असे, कधी पेन्सिल, कधी नखं, कधी खिशातले शेंगदाणे. तिला सगळे खारूताई म्हणत. दुसरी चालायची हळू, लिहायची हळू, बाटली उचलायची तीही हळू. तिचं नाव पडलं सावकाश. खारूताई दारातूनच हाक मारायची, "ए सावकाश, आटप ना! तू येईपर्यंत पाण्याची वाफ होऊन जाईल!"

सावकाश हळू का होती, हे वर्गात कोणालाच ठाऊक नव्हतं. मला कळलं होतं. ती माझ्या कडेला धरून चालायची. बाटली उचलण्याआधी तिची बोटं माझ्यावरून सरकत जायची आणि बाटलीचं लेबल ती नाकाशी धरून वाचायची. तिची नजर विझत चालली होती, मित्रांनो. आणि तिला रसायनशास्त्र तर जिवापाड आवडत होतं.

एक दिवस व्हायचं ते झालं. पाणी समजून तिने ॲसिडची बाटली उचलली आणि ओतली. हाताला इजा झाली नाही, पण कोटाची बाही जळून भोकं पडली. भट्टीसर धावत आले. सगळं लक्षात आल्यावर ते ओरडले नाहीत. त्यांच्या न ओरडण्यानेच वर्ग घाबरला.

"उद्यापासून तू प्रयोगाला यायचं नाहीस," ते म्हणाले. "वर्गात बस, वाच. पण इथे नको. उद्या तुझ्या चेहऱ्यावर काही उडालं तर तुझ्या आईला मी काय सांगू?"

"सर, प्रयोग नाही केले तर पदवी नाही मिळणार."

"माहीत आहे मला," सर म्हणाले आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळा उघडल्याबरोबर खारूताई एकटीच आत आली. तिच्या वडिलांचं कुलपं दुरुस्त करायचं दुकान होतं. तिथली एक बारीक कानस तिने पिशवीत घालून आणली होती. तिला एकटीनेच बडबडायची सवय होती. "आधी खालच्या बाजूला करून बघते," ती पुटपुटली. "वर बिघडलं तर भट्टीसर मला भाजून खातील." मग ती वाकली आणि माझ्या पोटाखाली, कडेपासून जरा आत, तिने कानशीने एक खाच पाडली. बोट लावून पाहिलं. "जमलं की!" मग ती उठली आणि माझ्या वरच्या कडेवर खाचा पाडू लागली. दुखलं का, विचाराल तर थोडं दुखलं. पण कोणी आपले कान जपून टोचावेत, तसं ते दुखणं होतं.

थोड्या वेळाने ती सावकाशला हात धरून घेऊन आली. "बोट ठेव इथे. ही एक खाच, म्हणजे समोर बर्नर. आता पुढे सरक. या दोन, म्हणजे नळ. आणि या तीन लागल्या की जागीच थांबायचं, बाईसाहेब. समोर ॲसिड आहे. कळलं?"

सावकाशचं बोट त्या खाचांवरून पुढे गेलं, मागे आलं, पुन्हा पुढे गेलं. एक थेंब माझ्यावर पडला.

"रडतेस काय? खारट पाण्याचा प्रयोग पुढच्या आठवड्यात आहे," खारूताई म्हणाली.

तेवढ्यात भट्टीसर आले. माझी कड पाहून त्यांचा पारा चढला. "कोणी केली ही नासधूस? विद्यापीठाची वस्तू आहे ही, तुमच्या घरचा पाट नाही!"

"मी केली, सर," खारूताई म्हणाली. कानस तिच्या हातातच होती, नाही कशी म्हणणार?

सरांना सगळं सांगितल्यावर त्यांनी चष्मा काढला. डोळे मिटले. आणि आपलं बोट माझ्या कडेवरून हळूहळू सरकवत नेलं. शेवटाला पोहोचल्यावर ते थांबले. "ही शेवटची खाच उथळ आहे," ते म्हणाले. "ॲसिडची आहे ना? मग खोल हवी. आण ती कानस." आणि शेवटची खाच त्यांनी स्वतः खोल केली.

त्या दिवसापासून प्रयोगशाळेत एक नियम झाला. माझ्यावरची प्रत्येक बाटली काम झालं की आपल्या जागी परत गेलीच पाहिजे, बोटभरही इकडेतिकडे नाही. सावकाशने सगळे प्रयोग केले. तिने पदवी घेतली आणि पुढे दूरच्या एका गावी ती शिक्षिका झाली. खारूताईही शिकून बाहेर पडली, भट्टीसरही निवृत्त झाले. पण नियम राहिला. कितीतरी वर्षांनंतरची मुलंसुद्धा "अरे, बाटली जागेवर!" असं एकमेकांना दटावत. का, हे त्यांना माहीत नसे. माझं नाव मात्र 'खाचांचा टेबल' पडलं होतं. त्या नावाचा मला फार अभिमान होता.

मग नवी इमारत उभी राहिली. तिथे गुळगुळीत काळ्या दगडाचे ओटे आले. मला चौकट उखडून बाहेर काढलं आणि सामानाच्या कोठारात ढकललं. माझ्यावर मोडके पंखे चढले, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे चढले, चहाच्या किटलीने नवी वर्तुळं उमटवली. कोणी माझ्याकडे बघेना. पण खाचा तरी जागच्या जागी होत्या. आता वाटतं, कोठारातले ते धुळीचे दिवसच बरे होते.

यंदा विद्यापीठाला शंभर वर्षं झाली. मोठा महोत्सव ठरला. भिंतींना रंग लागला, कारंजं पुन्हा उडू लागलं. पहिल्या दिवसांतल्या वस्तूंचं एक दालन करायचं ठरलं आणि ते काम एका तरुण प्राध्यापिकेकडे आलं. ती खरंच जीव ओतून राबत होती. मला शोधत ती कोठारात आली तेव्हा कानाला फोन होता.

"हो बाई, आहे अजून! माझा हात त्याच्यावरच आहे," ती फोनमध्ये सांगत होती. "खाचा ना? थांबा हं... एक... दोन... हो हो, लागल्या बोटाला! तुम्ही फक्त या. भाषण नाही केलंत तरी चालेल."

पलीकडे सावकाश होती, मित्रांनो! माझी ती सावकाश! आता म्हातारी झालेली, नजर पूर्ण गेलेली, आणि महोत्सवाची सर्वांत ज्येष्ठ पाहुणी. तिने एकच अट घातली होती. तिला माझ्या कडेवरून बोट फिरवायचं होतं.

प्राध्यापिकेने फोन ठेवला आणि कोठारवाल्याला बोलावलं. "भाऊ, हा टेबल साफ करून घ्या हं. फार महत्त्वाच्या पाहुण्या येणार आहेत त्याच्यासाठी." आणि ती पुढच्या कामाला पळाली.

कोठारवाल्याने ते काम सुताराला सांगितलं. "हा साफ करायचाय."

"पूर्ण साफ?" सुताराने विचारलं.

"पूर्ण. मोठं कोणीतरी येतंय. हयगय नको."

आता पाहा, एकच शब्द, पण तो कोणाच्या तोंडी आहे त्यावर त्याचा अर्थ ठरतो. घरात 'साफ करा' म्हटलं की फडकं हातात घेतात. सुताराला 'साफ करा' म्हटलं की तो रंधा हातात घेतो. लाकूड तासून गुळगुळीत करणं, यालाच त्याच्या धंद्यात साफ करणं म्हणतात. माणूस कामाचा पक्का होता. त्याने माझ्यावर रंधा चालवला आणि काळी वर्तुळं गेली, पांढरे चट्टे गेले, तो निळा डाग गेला. कडेला हात लावून तो हळहळला, "अरेरे, कोणीतरी पार वाट लावलीय या कडेची!" मग त्याने ती कड खाच मागे राहणार नाही इतकी खोल तासली. भट्टीसरांची खाच सर्वांत शेवटी गेली. मला ओरडायचं होतं. पण लाकूड फक्त करकरतं, आणि रंध्याखाली लाकूड करकरणारच, असं सुताराला वाटणार.

महोत्सवाच्या दिवशी सावकाश आली. सोबत तिची नात होती. हार, फोटो, नमस्कार, सगळं बाजूला सारून ती म्हणाली, "आधी मला टेबलापाशी न्या." दालनात ती आली, काठी नातीकडे दिली आणि दोन्ही हात पुढे केले.

बोट कडेवर टेकलं. मी ते लगेच ओळखलं. सुरकुतलं होतं, पण सरकत होतं तसंच, सावकाश. ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलं. थांबलं. परत फिरलं.

"हा नव्हे," ती म्हणाली.

"हाच आहे हो, बाई," प्राध्यापिका हसत म्हणाली.

"अगं, माझे डोळे गेलेत, बोटं नाही गेली. माझ्या मैत्रिणीच्या हातच्या खाचा होत्या त्यावर. ती जाऊन किती वर्षं झाली. तिचा एक फोटोसुद्धा मला आता बघता येत नाही. म्हटलं, एवढं तरी हाताला लागेल."

प्राध्यापिकेने स्वतः कडेवरून हात फिरवला आणि तिचा चेहरा उतरला. मागे सुतार नव्या सदऱ्यात उभा होता, शाबासकीसाठी आला होता बिचारा. ती त्याच्याकडे वळली. "अहो, साफ करा म्हणजे पुसून हो!"

"ताई," तो कसाबसा म्हणाला, "पुसायचंच होतं तर सुताराला कशाला बोलावलंत?"

सुतार पुढे आला. "आजी, टेबल तुमचाच आहे. खाचा मीच तासून टाकल्या. तुम्ही जागा सांगा, आत्ता तशाच पाडून देतो."

सावकाशने हवेत हात चाचपून त्याचा हात धरला. "पाडशील रे बाळा, चांगल्या पाडशील. पण त्या तुझ्या होतील." मग तिने विचारलं, "भुसा तरी आहे का?"

"झाडून टाकला, आजी."

"बरं," ती म्हणाली. नातीकडून काठी घेतली. जाताना तिचा तळवा एकदा माझ्या कडेवर टेकला. अंगठा वर होता, बोटं खाली वळलेली होती. मित्रांनो, ती बोटं अजून थोडी, अगदी पेरभर आत गेली असती तर! खालच्या अंगाला कोणी रंधा मारत नाही, कारण खाली कोणी बघत नाही. खारूताईने आधी करून पाहिलेली ती पहिली खाच तिथे अजून आहे. ती सावकाशला ठाऊक नाही. कोणालाच ठाऊक नाही. मला ठाऊक आहे, आणि मला बोलता येत नाही.

हात उचलला गेला. काठीचा आवाज दालनातून बाहेर गेला. संध्याकाळी माझ्याभोवती लाल दोरी बांधली गेली आणि पाटी लागली.

म्हणून, मित्रांनो, एक मागणं आहे. जुनी वस्तू जपायला घ्याल तेव्हा तिला नवी करायची घाई करू नका. तिच्यावरचा ओरखडा खोडण्याआधी, हा कोणाचा, एवढं विचारा. विचारलंत तर सांगणारं कोणीतरी अजून असेल. आणि कधी या दालनात आलात, तर पाटी मोडा असं मी म्हणणार नाही. तुमच्या गुरुजींना ते आवडणार नाही. रीतसर परवानगी मागा. मग खाली वाका, माझ्या कडेखालून जरा आत बोट न्या. आणि खाच लागली, की धावत जाऊन त्या प्राध्यापिकेला सांगा. तिच्याकडे सावकाशचा फोन नंबर आहे.

फक्त जरा लवकर या. सावकाश आता खूप म्हातारी झाली आहे.