विजेच्या बरणीचा जळफळाट

मित्रांनो, मी एक म्हातारी बरणी आहे. लोणच्याची नव्हे हं, वीज साठवायची! आतून-बाहेरून कथलाचा पातळ पत्रा चढवून मला हॉलंडातल्या लायडन शहरात घडवलं. ऐन भरात असताना माझी एक ठिणगी उडाली, की कालव्यापलीकडच्या मांजरांच्या मिशा ताठ व्हायच्या.

माझे मालक वाउटर मास्तर. त्यांनी मला वर्गात खूप मिरवलं. निवृत्तीनंतर मात्र त्यांच्या डोक्यात एक खूळ शिरलं. गोळा जितका मोठा, तितकी त्यात वीज जास्त मावते. मग अख्खं विश्व हाही एक गोळाच की! वीज भरल्यावर वस्तू केसभर जरी हलकी झाली, तरी वीज आणि गुरुत्वाकर्षणाचं नातं हाती लागेल आणि त्यावरून विश्व केवढं तेही कळेल, असं ते म्हणत.

हिशेबाला सोयीचा म्हणून घरात तांब्याचा गोळा आला. त्या चकचकीत मेल्याला मास्तर रोज मऊ फडक्याने पुसत. आणि मी? मास्तरांच्या बायकोने, आल्तेने, माझ्यात बिस्किटं भरली! गोळा तराजूला टांगलेला, मी त्याच्याच वरच्या फळीवर. दिवसभर त्याच्यावर डोळे वटारून बसे.

गोळ्यात वीज भरली की खरंच काटा हले. वजन घटलं! मास्तरांनी निबंध लिहिला, पाकीट चिकटवलं आणि टपालात टाकण्याआधी जुन्या सहकारी सीत्स्केबाईंना कॉफीला बोलावलं. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे कॉफीबरोबर एकेकच बिस्कीट मिळालं. मग प्रयोग झाला. काटा हलला. मास्तर लहान मुलासारखे हसले.

आल्ते कप विसळायला आत गेली, तशी सीत्स्केबाईंनी संधी साधली. दुसऱ्या बिस्किटासाठी मला हळूच खाली घेतलं. काटा झर्रकन जागेवर आला.

"परत ठेव बघू तिला," मास्तर म्हणाले. मला ठेवलं, काटा पुन्हा हलला.

"गोळा हलका होत नाही रे वाउटर," बाई हलकेच म्हणाल्या. "ही बया त्याला वर ओढतेय. पत्रा आहे ना तिच्या अंगाला, वीज भरलेला गोळा जवळच्या धातूकडे ओढला जातो."

"म्हणजे विश्व राहिलं बाजूला, मी बिस्किटांच्या बरणीचं माप काढत होतो," असं म्हणून मास्तरांनी पाकीट फाडलं.

आता गोळा आणि मी एकाच कपाटात धूळ खातो. मित्रांनो, आम्हा म्हाताऱ्यांवरून अधूनमधून फडकं फिरवत जा. आणि कुणावर जळायचंच असेल, तर चार हात लांब बसून जळा. ज्याच्या पडण्याची मी वाट पाहत होते, त्यालाच इतके दिवस वर उचलत होते.