पुष्पाच्या बाळंतपणाचा सौदा

धावजींनी पाय धुतले, पटका खुंटीला अडकवला आणि ओसरीवर बसता बसता जाहीर केलं, की सुनेच्या बाळंतपणाचा दवाखाना ठरला. नुसता ठरला नाही, सौदा झाला. मॅनेजरची बोटं धरली, भाव पटला, बयाना हातावर ठेवला.

आत पुष्पा ओल्या तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिचे हात थांबले.

केळापूरजवळच्या त्यांच्या तांड्यात सून सासऱ्याशी थेट बोलत नसे. पुष्पा पांढरकवड्याच्या शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवायची आणि तिथे तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा. घरी आल्यावर मात्र पदर पुढे यायचा आणि सासऱ्याला सांगायचं ते सासूमार्फत जायचं. तिला त्याचा जाच वाटत नव्हता. उलट, बोलण्याआधी विचार करायला वेळ मिळायचा. अडचण एकच होती. सासू धनीबाई निरोप जसाच्या तसा कधी पोचवत नसे.

पुष्पा दारापर्यंत आली आणि हळू आवाजात सासूला म्हणाली, "याडी, त्यांना विचारा, भूल देणारे डॉक्टर तिथे असतात का?"

धनीबाई नवऱ्याकडे वळली. "सून इचारते, भूल देनारा डॉक्टर हाय का तिथं, का नुसत्या फरश्या पाहून आले?"

फरश्यांबद्दल पुष्पा काही बोलली नव्हती.

"सगळं असन तिथं," धावजी म्हणाले. "एवढा मोठा दवाखाना. समोरून सगळी काच लावेल हाय."

"काच म्हनजे झूल झाली," धनीबाई म्हणाली. " झुलीखालची पाठ पाह्यली का?"

घरात बोली तांड्याचीच चालायची. पण सौद्याच्या गोष्टी निघाल्या की दोघंही आपोआप बाजाराच्या वऱ्हाडीवर यायचे. धावजींचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरलेले. धावजींच्या वाट्याला कपाशी आणि तुरीचं शेत आलं, तरी बैलांची नजर रक्तातून गेली नव्हती. आसपासच्या गावांतले लोक जोडी घ्यायची असली की त्यांना सोबत नेत. भाव सगळ्यांसमोर बोलायचा नाही ही बाजाराची रीत. हातावर उपरणं टाकायचं, खाली समोरच्याची बोटं धरायची आणि दाबून आकडा सांगायचा. समोरच्यानं बोटं तशीच दाबली की सौदा पक्का. मग जगबुडी झाली तरी शब्द फिरवायचा नाही. धावजींनी आजवर कधी फिरवला नव्हता, आणि म्हणूनच त्यांनी धरलेल्या बोटांना किंमत होती.

तीच रीत त्यांनी बस स्टँडजवळच्या नव्या खासगी दवाखान्यात चालवली होती. सगळा खर्च धरून एक आकडा, वरून काही नाही.

पुष्पाचं पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी, राजूरला व्हायचं. पण पोटातलं मूल पायाळू होतं, डोकं वर आणि पाय खाली, आणि तिच्या अंगात रक्तही कमी होतं. डॉक्टरांनी लांबचा प्रवास नको म्हणून सांगितलं होतं. सिझर करावं लागेल हे जवळजवळ नक्कीच होतं. ते कुठे करायचं एवढंच ठरायचं होतं, आणि त्यासाठी पुष्पा आणि तिचा नवरा इंद्रजीत गेल्या आठवड्यात दोन्ही दवाखाने पाहून आले होते.

खासगीत शिरल्याबरोबर फिनेलचा वास आला होता. प्रत्येक खाटेला पडदा, खोलीला लागून न्हाणी, तीन पेशंटांमागे एक नर्स. डॉक्टरीणबाई चांगल्या, हाताला यश असलेल्या म्हणून सगळीकडे नाव. खर्च मात्र भरपूर, आणि तोही बाळ-बाळंतीण धड राहिली तर. सरकारी दवाखान्यात पैसे लागणार नव्हते. पण वॉर्ड गच्च भरलेला, भिंतीचे पोपडे निघालेले, संडास लांब, आणि एवढ्या बायांमागे एकच सिस्टर इकडून तिकडे धावणारी. एका म्हातारीनं पाणी मागितलं तर ते यायला बराच वेळ लागला होता. हे सगळं पुष्पानं पाहिलं होतं आणि त्यातलं काहीच स्वतःपासून लपवलं नव्हतं.

मुलांना ती शिकवायची, की दोन वस्तूंची तुलना करताना आधी ठरवा, काय मोजायचं आहे. तिला मोजायची होती एकच गोष्ट. बाळ अडलं आणि रक्त जाऊ लागलं, तर त्या क्षणी तिथे कोण असेल? सरकारीत भूल देणाऱ्या मॅडम आवारातल्याच क्वार्टरमध्ये राहत होत्या आणि रक्ताच्या पिशव्यांचा फ्रीज तिनं स्वतः पाहिला होता. खासगीत हाच प्रश्न विचारल्यावर काउंटरवरची मुलगी गोड हसली होती आणि तिनं माहितीपत्रक पुढे केलं होतं.

इंद्रजीत कापसाच्या जिनिंगमधलं काम संपवून घरी आला तेव्हा ओसरीवर सगळं तापलेलं होतं. त्यानं बापाला समजावून पाहिलं. धावजींनी ऐकून घेतलं. सुनेचं चुकतं असं ते एकदाही म्हणाले नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच, की पटत नव्हतं तर आधी सांगायचं होतं. आता बोटं धरली गेली.

"उद्या बाजारात कोन देईल मले हात?" ते म्हणाले. "पोरं म्हनतीन, धावजीनं दवाखान्याचा शब्द मोडला."

पुष्पाला त्यांचा राग आला नाही. आपल्यासाठी सगळ्यात झकपक दवाखाना घ्यायला हा माणूस एकटा गेला होता, आणि त्यासाठी त्यानं यंदा नवी जोडी घ्यायचा विचार सोडला होता, हे तिला ठाऊक होतं. पण पोटात मूल लाथा मारत होतं, आणि शब्दाचा मान राखायला त्याला पणाला लावायची तिची तयारी नव्हती. ती बराच वेळ शेंगा सोलत राहिली. मग पुन्हा दाराशी आली.

"याडी, त्यांना विचारा, जोडी घेताना एकच बैल पाहून बोटं धरतात का?"

या वेळी धनीबाईनं निरोपाला शेपूट जोडलं नाही. प्रश्न तसाच्या तसा विचारला.

"नाई," धावजी म्हणाले. "एकच पाहून कोन घेते?"

"मग सिझर करणाऱ्या डॉक्टरीणबाई हा एक बैल झाला. भूल देणारा दुसरा. त्याच्याशिवाय गाडी जागची हलत नाही. तो त्यांनी पाहिला का, विचारा."

धनीबाईनं तोंड उघडायच्या आत धावजींनी हात वर केला. ऐकू आलं होतं. त्यांनी पटका खुंटीवरून काढला, पुन्हा अडकवला आणि म्हणाले, की व्यापाऱ्यानं खोड लपवली असेल तर सौदा आपोआप मोडतो, त्यात शब्द जात नाही. ही पण बाजाराचीच रीत. उद्या जाऊन पाहू.

दुसऱ्या दिवशी धावजी, धनीबाई आणि पुष्पा ऑटोनं पांढरकवड्याला गेले. दवाखान्याचा मॅनेजर धर्मपाल हा कळंबचा, हसऱ्या चेहऱ्याचा तरुण माणूस. धावजींना पाहताच तो उठून उभा राहिला आणि खुर्ची पुढे केली.

"या बाबा, बसा. पण बोटांचे डॉक्टर गुरुवारी येतात, आज नाहीत."

"कायचे डॉक्टर?"

धर्मपालनं मोकळेपणानं सांगितलं. काल बाबांनी त्याचा हात धरला, वर उपरणं टाकलं आणि काही न बोलता आधी दोन बोटं दाबली, मग पाचही. त्याला वाटलं, म्हाताऱ्या माणसाच्या बोटांना मुंग्या येत असतील आणि चारचौघांत सांगायला लाज वाटत असेल. म्हणून कुठे दुखतं ते पाहायला त्यानंही तशीच दाबून पाहिली. बाबांनी मान हलवली आणि हातात नोट ठेवली, तेव्हा त्यानं हाडांच्या डॉक्टरांचा नंबर लावून दिला.

मग धनीबाईच्या पदराआडून एक बारीक आवाज आला आणि तिचे खांदे हलू लागले. पुष्पानं समोरच्या लसीकरणाच्या तक्त्यावर नजर खिळवली आणि पोलिओच्या ओळीपर्यंत पोचेतो स्वतःला आवरून धरलं.

धावजींचा चेहरा आधी लाल झाला, मग हळूहळू निवळला. सौदा झालाच नव्हता. मोडायला शब्दच नव्हता. पण इथवर आलेला पारखी माणूस असा परत जाणार नव्हता.

"ते राहू द्या," ते म्हणाले. "तुमचा दुसरा बैल दाखवा मले."

धर्मपाल गोंधळला. तेव्हा पुष्पानं त्याला सांगितलं, की तिचं मूल पायाळू आहे आणि बाबा भूल देणाऱ्या डॉक्टरांबद्दल विचारताहेत.

"ते वणीहून येतात," धर्मपाल म्हणाला. "फोन केला की निघतात."

"बोलावल्यावर येते तो बैल जोडीचा नसते, लेका. भाड्याचा असते."

धर्मपालला राग आला नाही. तो आत जाऊन डॉक्टरीणबाईंना विचारून आला आणि म्हणाला, की ठरवलेल्या दिवसाचं सिझर इथे नीट होतं. पण हिच्या कळा आधीच सुरू झाल्या तर वणीच्या डॉक्टरांची वाट पाहावी लागेल, त्यापेक्षा जिथे भूल देणारे हजर असतात तिथेच नाव घालावं, असं बाईंचंच मत आहे. मग त्यानं कालची नोट परत काढली. धावजींनी ती घेतली नाही. डाव्या अंगठ्याला मुंग्या खरंच येतात, ते म्हणाले, गुरुवारी येतोच.

आता सरकारी दवाखान्याची पारख करणं त्यांना भाग होतं. सून पाहून आली असली तरी ती शिकलेली माणसं, विचारून पाहतात. जनावर पाहायचं तर लांब बसून पाहावं लागतं. ते दिवसभर दवाखान्याच्या फाटकाजवळच्या कडुलिंबाखाली बसून राहिले. परत आल्यावर त्यांनी बैलांसारखंच दवाखान्याचंही गुणदोषासकट वर्णन केलं. गर्दी फार. संडास बेकार. भूल देणाऱ्या मॅडम ओल्या केसांनिशी क्वार्टरमधून धावत आल्या, एका बाईचं अडलं होतं म्हणून. म्हणजे बैल गोठ्यातच आहे. सिस्टर मात्र कमी. एकीच्या अंगावर तिघींचं काम.

"मग त्या तिघींचं आपन करू," धनीबाई म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून तांड्यातल्या बायांच्या पाळ्या लावायला लागली. पाणी कोण देणार, डबा कोण आणणार, संडासापर्यंत धरून कोण नेणार. पुष्पानं नको म्हणून पाहिलं, पण तिचे निरोप पोचवणारीच आता ऐकायला तयार नव्हती.

कळा ठरलेल्या तारखेच्या आधीच सुरू झाल्या, भर दुपारी, घरी शाळेचे पेपर तपासताना. ऑटो सरकारी दवाखान्याच्या फाटकातून आत शिरला तेव्हा पुष्पाचा हात धनीबाईच्या हातात होता, आणि धनीबाई तांड्याच्या बोलीत देवीला आणि ऑटोवाल्याला एकाच दमात बजावत होती. तपासून डॉक्टर म्हणाले, थांबता येणार नाही, घ्या आत.

भूल देणाऱ्या मॅडम आधीच आत उभ्या होत्या. लहानखुऱ्या, चष्मा लावलेल्या. पाठीत सुई देताना त्यांनी सांगितलं, आता पाय जड होतील, मग आपले वाटणार नाहीत, घाबरू नका. तसंच झालं. पाय आधी गरम झाले, मग दुसऱ्या कुणाचे तरी होते. पुष्पा प्रत्येक पायरी मनात नोंदवत गेली. तिला दुसरं काही सुचत नव्हतं. मॅडम तिच्या उशाशीच राहिल्या. कोणत्या वर्गाला शिकवता, विचारलं. मध्येच त्यांचा आवाज बदलला, त्यांनी झटकन काहीतरी मागितलं, सिस्टरनं दिलं, रक्ताची पिशवी लटकली. मग आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला आणि त्या म्हणाल्या, हं, दहावीला काय शिकवता? प्रकाशाचं अपवर्तन, पुष्पा म्हणाली, आणि तेवढ्यात पडद्यापलीकडे कुणीतरी खणखणीत आवाजात रडलं.

"मुलगी आहे," मॅडम म्हणाल्या. "आवाज तुमच्यासारखा हळू नाही हो."

मुलीला तिच्या गालाजवळ आणलं. ओलं, तांबूस, भुवया आक्रसलेलं तोंड. त्या तोंडानं रडणं थांबवलं आणि एक डोळा उघडून आईकडे पाहिलं, जणू हीच का ती, म्हणून पारखत होतं.

पुष्पाला वॉर्डात आणलं तेव्हा ऊन कलतं झालं होतं. तिच्या खाटेभोवती आधीच तीन बाया उभ्या होत्या. एकीनं शेजारच्या बाळंतिणीला पाणी दिलं होतं, दुसरीनं तिच्या पलीकडच्या म्हातारीचे पाय चेपायला घेतले होते, आणि सिस्टर बऱ्याच दिवसांनी खुर्चीवर बसून चहा पीत होती. इंद्रजीत मुलीला हातात धरून इतका ताठ बसला होता, की धनीबाईनं त्याला श्वास घ्यायची आठवण केली.

मग खिडकीबाहेरून गाणं ऐकू आलं. फाटकापाशी टेम्पो थांबला होता आणि अर्धा तांडा उतरला होता. वॉचमननं एकालाच आत सोडायचं म्हटल्यावर बाया तिथेच गोल करून उभ्या राहिल्या आणि नव्या मुलीचं गाणं म्हणू लागल्या. त्यांच्यामध्ये धावजी, पटका डोक्यावर, आयुष्यात कधी न गायलेला माणूस, सुरात एक पाऊल मागे राहून गात होता, आणि मध्येच थांबून वॉचमनलाही म्हणायला लावत होता.

पुष्पा हसली. टाके ओढले तशी तिनं पोटावर हात धरला. सिस्टर चहाचा कप ठेवून आली आणि दरडावून म्हणाली, "मॅडम, हसू नका, टाके दुखतील."

बाहेर वॉचमननं सूर लावला. पुष्पानं ओठ घट्ट मिटले, पोटावरचा हात आणखी दाबला आणि हसतच राहिली.