तीन मिनिटांची चिठ्ठी

जनसुनावणीत एका घरातून एकालाच, तेही तीन मिनिटं, बोलता येणार होतं, आणि आईने चिठ्ठीवर माझ्या मामेबहिणीचं नाव लिहिलं. पोटची मुलगी समोर ढळढळीत बसलेली असताना!

"ताई किती मुद्देसूद बोलते," आई म्हणाली. "तू तोंड उघडलंस की भोंगा सुटतो."

भोंगा हे माझं घरातलं नाव. बाबांची कृपा.

ताई कॉलेजसाठी आमच्याकडे राहायला आली त्याला सहा महिने झाले होते. तेवढ्यात तिने खिडकीजवळची माझी खाट, सकाळी बाथरूममधला पहिला नंबर आणि आईचं सगळं कौतुक पटकावलं होतं. तेही न मागता! मागितलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

आणि विषय तर माझा होता. वाचनालयातल्या कॉम्प्युटरसाठी नगरपालिका नवे नियम आणत होती. कोणी काय शोधलं, काय वाचलं, याची नावासकट नोंद दोन वर्षं ठेवायची आणि पालिकेने निवडलेल्या साइट्सच उघडू द्यायच्या. वाचनालयाच्या फळ्यावर लागलेला मसुदा आधी मी वाचला. घरी येऊन थयथयाट मी केला. ताई नुसती "हं" म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी तिने त्यावर चार पानांचं भाषण लिहून काढलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

गुरुवारी शाळा सुटल्यावर मी वाचनालयात गेले. तीन नंबरच्या कॉम्प्युटरवरून ताई नुकतीच उठून गेली होती, खुर्ची अजून कोमट होती. आणि ती लॉगआउट करायला विसरली होती. आमची मुद्देसूद ताई!

फक्त भाषण बघायचं होतं, शपथ. पण त्याच्या शेजारीच तिने शोधलेल्या गोष्टींची यादी होती. 'चारचौघांत बोलताना हात थरथरतात, काय करावं.' 'बोलताना घसा बंद होतो, उपाय.' 'आत्याला न दुखावता नाही कसं म्हणावं.' 'दुसऱ्यांच्या घरी राहताना रडू आलं तर.'

शेवटची ओळ वाचून वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, पण नंतर. आधी वाटलं, सापडली!

जेवताना आई ताईला वाढता वाढता म्हणाली, "परवा आमची ताई सगळ्यांना गप्प करणार."

"हो ना," मी म्हणाले. "फक्त हात थरथरायला नकोत. आणि ऐन वेळी घसा बंद पडायला नको."

ताईचा घास हातातच राहिला. तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर फार बरं झालं असतं.

शुक्रवारी ती वाचनालयात गेलीच नाही. वहीत काहीतरी लिहीत बसली. मी खोलीत आले की वही मिटायची आणि उशीखाली जायची.

शनिवारी पालिकेच्या सभागृहात टेबलामागे अध्यक्षाबाई, त्यांच्यापुढे घंटा, शेजारी नियम लिहिणारे साहेब. साहेब सगळ्यांना एकच सांगत होते, "नोंद फक्त विश्वासातली माणसं बघतील. घाबरायचं कारण नाही."

आमचा नंबर नववा. आठवे आजोबा बोलत असताना ताईने चिठ्ठी माझ्या हातात कोंबली.

"तू जा."

"मी? का?"

"तुला माहीतच आहे का ते." मग अगदी हळू म्हणाली, "तू काय केलंस ते सांगशील? माझं नाव न घेता?"

चार पानं तिने दिली नाहीत. मला हवं होतं ते हातात आलं होतं आणि आता ते नको झालं होतं. तरी मी उठून पुढे गेले.

"साहेब, मीसुद्धा विश्वासातलीच आहे," मी म्हणाले. "परवा एका व्यक्तीचा कॉम्प्युटर उघडा राहिला आणि तिने काय काय शोधलं ते मी वाचलं. मला कोणी सांगितलं नव्हतं. दिसत होतं, म्हणून वाचलं. त्याच संध्याकाळी तिला टोचायला ते वापरलं. तेव्हापासून ती वाचनालयात गेलेली नाही. तुम्ही दोन वर्षांची नोंद ठेवणार. मला पाच मिनिटं पुरली. आणि साइट्स तुम्हीच निवडणार असाल, तर तिला जे हवं होतं ते तुमच्या यादीत असेलच कशावरून? ते ती कोणाला तोंडाने विचारू शकत नव्हती."

साहेब हसले. "असं वाचलंस तरी काय?"

"बघा! तुम्हालाही हवंच आहे!"

सगळं सभागृह खो खो हसलं. घंटा वाजली. अध्यक्षाबाई हसल्या नाहीत. "नोंद ठेवायचीच कशाला, याचं लेखी उत्तर द्या," त्या साहेबांना म्हणाल्या. "आणि यादी कोण ठरवणार, त्याचंही. तोवर दोन्ही कलमं थांबवा."

मी तरंगत बाहेर आले. आईने धावत येऊन मिठी मारली. ताईला! जेवतानाचा माझा टोमणा आईला आता कळला होता. "अगं बाळ, मला एकदा सांगायचंस ना!"

मी चिठ्ठीची घडी करत उभी राहिले. भाषण माझं, मिठी तिला.

"सॉरी," मी ताईला म्हणाले. ती सरळ समोरच्या वाचनालयात शिरली आणि तीन नंबरला जाऊन बसली. मी आपली मागोमाग.

"भोंग्या," ती मागे न बघता म्हणाली, "तोंड तिकडे."

मी फिरवलं. मागे बटणांची टकटक सुरू झाली. बराच वेळ चालली होती. मध्येच ती एकटीच हसली. कशाला हसली, ते मला अजून माहीत नाही, आणि जीव नुसता जळतोय.